फोटोच्या पोटातली तारीख

पूर्वी फोटो धुऊन घरी आले की घरातले वडीलधारे माणूस पहिल्याने एक काम करीत असे. फोटो उलटा करून त्याच्या पाठीवर ते निळ्या शाईने तारीख, गाव आणि प्रसंग लिहून ठेवी. पुढे चेहरे ओळखेनासे झाले, माणसे पांगली, तरी त्या दोन ओळींच्या आधाराने सारे पुन्हा जागच्या जागी बसवता येई. आजच्या फोटोला पाठ उरलेली नाही. तारीख मात्र गेलेली नाही. ती पाठीवरून पोटात गेली आहे. कॅमेऱ्याची कळ दाबली की चित्राबरोबरच त्या क्षणाची तारीख आणि वेळ, कॅमेऱ्याची जात, भिंगाचे माप, आणि फोन असेल तर बहुधा अक्षांश-रेखांशही त्याच फाइलमध्ये नोंदले जातात. या नोंदीला मेटाडेटा असे म्हणतात. ती कशी करावी याचा एक्झिफ नावाचा नियम १९९५ साली जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने घालून दिला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. ही फोटोची कुंडलीच म्हणा ना! आणि कुंडलीप्रमाणे येथेही जन्मवेळ चुकली की पुढचे सारे गणित चुकते.

हे मला कळण्याचे कारण घरगुतीच आहे. २०२३ सालची दिवाळी आम्ही सर्वांनी इंदूरला माझ्या थोरल्या भावाकडे केली. त्याचा मुलगा लंडनहून आला होता. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला आले. पहाटे पाचला अभ्यंगस्नान, दुपारी मोठी पंगत, संध्याकाळी पावणेसातला पूजा. माझ्या पुतण्याने त्याच्या कॅमेऱ्याने फोटो घेतले, मी माझ्या कॅमेऱ्याने घेतले. पुढल्या फाल्गुनात दादा गेला. ती त्याची शेवटली दिवाळी ठरली. वहिनींनी एवढेच सांगितले, “भावोजी, वर्षश्राद्धाच्या आत त्या दिवसाचे सगळे फोटो नीट ओळीने लावून द्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत.”

काम सोपे वाटले. दोघांचे फोटो एकत्र केले, संगणकाला सांगितले की वेळेप्रमाणे लाव, आणि वहिनींना दाखवायला बसलो. चारपाच फोटो पाहून त्या म्हणाल्या, “यात ह्यांची पूजा दुपारच्या जेवणाआधीच झालेली दिसते!” खरेच तसे होते. दादा सोवळे नेसून पूजेला बसला आहे, आणि पुढच्याच फोटोत तो पंगतीत श्रीखंड वाढतो आहे. अभ्यंगस्नान तर आदल्या तारखेला, रात्री साडेअकराला झाले होते.

पुतण्याच्या कॅमेऱ्याचे घड्याळ लंडनचेच राहिले होते. नोव्हेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. कॅमेऱ्याला आपण कोठे आहोत हे ठाऊक नसते. त्याचे घड्याळ जे सांगेल ते तो निमूटपणे लिहितो. ही वेळ कोणत्या देशाची, हे लिहायला एक्झिफमध्ये पुष्कळ वर्षे जागाच नव्हती. २०१६ सालच्या आवृत्तीत ती ठेवण्यात आली, पण प्रत्येक कॅमेरा ती भरतोच असे नाही. तेव्हा पुतण्याच्या दोनशे चौदा फोटोंत साडेपाच तास मिळवायचे, एवढेच काम उरले. एकेका फोटोला हात लावला तर महिना जाईल. हे काम एका आज्ञेत करणारे एक साधन आहे असे कळले. त्याचे नाव एक्झिफटूल. कॅनडातील फिल हार्वे यांनी ते २००३ साली प्रथम प्रसिद्ध केले आणि ते कोणालाही विनामूल्य मिळते. मात्र त्याला बटणे नाहीत, खिडक्या नाहीत, रंगीत चित्रे नाहीत. काळ्या पाटीसारखा पडदा उघडायचा, ज्याला कमांड लाइन म्हणतात, आणि काय हवे ते अक्षरांनी लिहून सांगायचे.

श्रोतेहो, येथून माझी फजिती सुरू झाली. ती सविस्तर सांगतो, कारण प्रत्येक नवशिक्याची फजिती थोड्याफार फरकाने हीच असते असे मला आता कळले आहे.

पहिली अडचण दारातच आली. विंडोजसाठी मिळालेल्या फाइलच्या नावात कंसात एक आडवी रेघ आणि ‘के’ हे अक्षर होते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली तर पडद्यावर भले मोठे माहितीपत्रक आले आणि खाली सूचना आली की पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. दाबत राहिलो, शेवटी पडदाच मिटला. मला वाटले, बिघडले. वस्तुतः काहीच बिघडले नव्हते. नावातल्या कंसात लिहिलेली गोष्ट ही त्या साधनाला दिलेली आज्ञाच असते, आणि ‘के’चा अर्थ ‘कळ दाबेपर्यंत पडदा मिटू नकोस’ एवढाच. एखादा फोटो ओढून त्या चिन्हावर सोडला तर त्याची सारी कुंडली वाचायला मिळते. ज्यांना केवळ वाचायचे आहे त्यांचे काम येथेच भागते. पण आज्ञा लिहायची असेल तर कंस काढून नुसते ‘एक्झिफटूल’ असे नाव ठेवावे लागते.

मी नाव बदलले, पाटी उघडली, आज्ञा लिहिली. उत्तर आले की या नावाची कोणतीही आज्ञा मला माहीत नाही. दोन दिवस यात गेले. कारणे दोन होती. संगणक कार्यक्रमाचा शोध सगळीकडे घेत नाही. ज्या फोल्डरमध्ये आपण उभे असू तेथे पाहतो, आणि मग त्याच्यापाशी असलेल्या ठरावीक जागांच्या यादीप्रमाणे पाहतो. माझी फाइल भलत्याच ठिकाणी होती. दुसरे कारण अधिक गमतीचे. फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे ‘डॉट ईएक्सई’, माझ्या संगणकावर लपवलेले होते. ते दिसत नाही म्हणून मी ते हाताने लिहिले, आणि फाइलला दोन शेपटे झाली! तिच्याबरोबर एक जोडीचे फोल्डरही आले होते, ते मी क्षुल्लक समजून मागेच सोडले होते. पण अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच्याशिवाय हे साधन चालत नाही. तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्या आणि साधन बोलू लागले.

आता आज्ञा. ती थोडक्यात अशी असते: आधी साधनाचे नाव, मग आडवी रेघ जोडून ‘ऑलडेट्स’ हा शब्द, त्याला चिकटून अधिक आणि बरोबर ही चिन्हे, त्यापुढे पाच, विसर्गासारखी दोन टिंबे आणि तीस, आणि शेवटी फोटोंच्या फोल्डरचे नाव. अर्थात हे सारे रोमन अक्षरांत व अंकांत टाइप करायचे. मी ही आज्ञा विसरू नये म्हणून एका लेखनाच्या कार्यक्रमात लिहून ठेवली होती. तेथून ती उचलून पाटीवर आणली. उत्तर आले, ‘फाइल सापडली नाही’.

असे उत्तर आले की नवशिका चिडतो. फाइल तर समोर दिसते आहे! मीही चिडलो, आणि तेच ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिलो. फार उशिरा माझ्या लक्षात आले की उत्तर तेवढेच नव्हते. कोणती फाइल सापडली नाही तिचे नावही पुढे दिलेले होते, आणि ते नाव म्हणजे माझी ‘ऑलडेट्स’ची आज्ञाच होती. लेखनाच्या कार्यक्रमाने माझ्या आखूड रेघेची सुबकपणे लांब रेघ करून टाकली होती. साधनाला आखूड रेघ कळते. तिच्यावाचून येणारा प्रत्येक शब्द ते फाइलचे नाव समजते. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे झाली तरी असाच घोटाळा होतो. रेघ सुधारली तर पुन्हा दोन तक्रारी आल्या: ‘दिवाळी’ नावाची फाइल नाही आणि ‘इंदूर’ नावाची फाइल नाही. फोल्डरचे नाव मी ‘दिवाळी इंदूर’ असे मध्ये जागा सोडून ठेवले होते. कमांड लाइनला मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपून दुसरा सुरू झाल्याची खूण. दोन्ही शब्द सरळ अवतरणचिन्हांत घातले आणि प्रश्न मिटला.

या ठिकाणी मी एक गोष्ट शिकलो. साधनाचे उत्तर तुटक असते, पण ते खोटे नसते. आपण त्यातला ‘नाही’ हा शब्द ऐकतो आणि पुढचे ऐकायचे सोडून देतो. तक्रारीतले नाव नीट वाचले तर निम्मे निदान तेथेच होते.

आज्ञा चालली. ‘२१४ फाइली बदलल्या’ असे उत्तर आले. मी आनंदाने फोल्डर उघडले आणि घाबरलो. दोनशे चौदा फोटोंच्या जागी चारशे अठ्ठावीस फाइली झाल्या होत्या. निम्म्यांच्या नावापुढे ‘ओरिजिनल’ असे शेपूट होते. आणि प्रत्येक फोटोपुढे तारीख होती ती त्या दिवसाची, म्हणजे मी कामाला बसलो होतो त्या दिवसाची! मला वाटले, आज्ञा चुकली, सगळ्या तारखा पुसल्या गेल्या. म्हणून काय करावे, तर मी तीच आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा ‘२१४ फाइली बदलल्या’. आता एक फोटो उघडून पाहिला तर लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला, मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला!

त्या रात्री मला झोप आली नाही. ते फोटो दुसऱ्या कोणापाशी नव्हते. पुतण्याने कार्ड माझ्या हवाली करून ते रिकामे करून नेले होते. माझ्या भावाची शेवटली दिवाळी माझ्या हातून नासली, ही एकच गोष्ट मनात घोळत राहिली.

सकाळी शांतपणे बसलो आणि आज्ञा देण्याऐवजी प्रथमच प्रश्न विचारला. एका फोटोतल्या वेळेसंबंधीच्या सर्व नोंदी, त्या ज्या ज्या कप्प्यातल्या असतील त्या कप्प्याच्या नावासह, दाखवायला सांगता येतात. ती यादी पाहिली आणि कोडे उलगडले. फोटोला एक तारीख नसते, कितीतरी असतात. कळ दाबली तो क्षण एक. चित्र अंकांत उतरले तो क्षण दुसरा. फोटोत शेवटचा फेरफार झाला तो तिसरा. ‘ऑलडेट्स’ या एका शब्दात या तिन्ही येतात. पण यांहून निराळी एक तारीख फोटोच्या बाहेर असते, संगणकाच्या दप्तरातली. पाकिटावर टपालखात्याने मारलेला शिक्का आणि आतल्या पत्रावर लिहिलेली तारीख, यांत जो फरक तोच येथे आहे. फोल्डर मला शिक्का दाखवीत होते, आणि मी आतले पत्र जळाले असे समजून रडत होतो. पहिल्याच आज्ञेने काम बिनचूक झाले होते. दुसऱ्या आज्ञेने मी आणखी साडेपाच तास मिळवले. म्हणजे एकंदर अकरा.

आणि ज्या ‘ओरिजिनल’ शेपटाच्या फाइलींना मी कचरा समजून काढून टाकणार होतो, त्याच माझ्या उपयोगी पडल्या. हे साधन काही बदलण्यापूर्वी मूळ फाइल तशीच्या तशी बाजूला ठेवते. शिवाय अशी मूळ फाइल आधीपासून असेल तर दुसऱ्या वेळी तिच्यावर दुसरी चढवीत नाही. मी दोनदा चूक केली तरी पहिली, अस्सल प्रत शाबूत होती. मूळ प्रती परत जागेवर आणण्याचीही एक आज्ञा आहे. अकरातून साडेपाच वजा करूनही भागले असते. पण आपण किती वेळा काय केले याची खात्री नसेल तेव्हा हिशोब करीत बसण्यापेक्षा आरंभाच्या ठिकाणी परत जाणे बरे. मी परत गेलो, सगळ्या फाइलींची प्रत निराळ्या डिस्कवर काढली, एकाच फोटोवर आज्ञा चालवली, त्याची यादी वाचली, आणि मग उरलेल्यांना हात लावला. पहाटे पाच, पंगत, पावणेसात. दादा आपल्या दिवसात परत आला.

ही शिस्त मी आधीच पाळली असती तर एक रात्र वाचली असती. आधी वाचावे, मग लिहावे. प्रतीवर लिहावे, मुळावर नव्हे. एकावर करून पाहावे, मग सर्वांवर. आणि काम झाले की नाही हे ज्या कप्प्यात लिहिले त्याच कप्प्यात पाहावे. मूळ प्रती न ठेवता थेट लिहिण्याचीही एक सोय या साधनात आहे. जागा वाचते म्हणून नवशिक्याला तिचा मोह होतो. तो मोह निदान पहिले वर्षभर टाळावा.

पुढे दोन लहान गोष्टी राहिल्या. वहिनींना फोटोखाली मराठीत ओळ हवी होती. मी ती पाटीवर टाइप केली. फोटोत मात्र ओळभर प्रश्नचिन्हे उमटली. येथे दोन रोग सारखे दिसतात. कधी मजकूर बरोबर लिहिलेला असतो, फक्त पाटीला तो दाखवता येत नाही. कधी तो लिहितानाच बिघडलेला असतो. उत्तर पाटीवर न पाहता एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून वाचले की फरक कळतो. माझा रोग दुसरा होता. माझ्या संगणकावरची पाटी जी जुनी अक्षरसारणी वापरत होती तिच्यात देवनागरी नव्हतीच, आणि जे अक्षर तिला ठाऊक नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह ठेवून देत होती. उपाय असा की आज्ञा पाटीवर न लिहिता नोटपॅडमध्ये, एकेका ओळीवर एकेक भाग अशी लिहावी, यूटीएफ-८ या पद्धतीने जतन करावी, आणि साधनाला ती फाइल वाचायला सांगावी. लिहायची तीही एक्झिफच्या वर्णनाच्या कप्प्यात नव्हे, कारण तो मुळात साध्या रोमन अक्षरांसाठी योजलेला आहे. एक्सएमपी या २००१ साली निघालेल्या पद्धतीच्या कप्प्यात लिहावी. तेथे मराठी निर्वेधपणे राहते.

दुसरी गोष्ट नातेवाइकांनी फोनवरून धाडलेल्या फोटोंची. निरोपाच्या उपयोजनांतून फोटो लहान होऊन येतात आणि वाटेत त्यांची पोटातली नोंद बहुधा गळून पडते. त्यांना विचारले तर साधन काहीच सांगत नाही. मी आज्ञा बदलून बदलून पाहिल्या. शेवटी उमगले की जे तेथे नाही ते कोणतीही आज्ञा आणून देणार नाही. धाडणाऱ्यांकडून मूळ फाइली मागवणे हाच उपाय. चार-सहा जणांनी त्या दिल्या, काहींपाशी उरल्या नव्हत्या.

सरतेशेवटी वहिनींनी एक जुना फोटो आणून दिला. दादा सहासात वर्षांचा, डोक्याला जरीची टोपी, हातात फुलबाजी. तो मी स्कॅन केला. पाठीवर आमच्या वडिलांच्या अक्षरात दोनच शब्द होते, ‘दिवाळी, १९५८’. एक्झिफच्या कप्प्यात लिहायचे तर हे साधन पूर्ण तारीख आणि वेळ मागते. पंचांग काढून मी एखादी तारीख बसवली असती. पण दिवाळीचे दिवस चार, त्यांतला कोणता? इतकी खटपट करून शिकलो ते भलतीच तारीख टळावी म्हणून, आणि आता मीच अंदाजाची तारीख लिहायची? ती एकदा लिहिली गेली की पुढच्या पिढीला ती खरीच वाटणार. एक्सएमपीच्या कप्प्यात नुसते वर्ष लिहिता येते. मी तेथे १९५८ एवढेच लिहिले, आणि वर्णनात, वडिलांनी लिहिले होते तसेच, दिवाळी.